चार नंबरच्या टाकीत कोण आहे?

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पाल, कुत्रा, विजेचा कडकडाट आणि शेठचा फोन, या क्रमाने माझी भीती वाढत जाते. आमच्या कारखान्यात आणलेली नवी सिस्टीम सुरुवातीला का फसली असं कुणी विचारलं, तर लोक सांगतात की नेट नीट नव्हतं, वीज जायची, पुण्याच्या कंपनीने घाई केली. ही सगळी उत्तरं मीच पसरवलेली आहेत. खऱ्या उत्तरात एका माणसाचा जीव अडकलेला होता, आणि तो माणूस रोज सकाळी माझ्याच मोटरसायकलवर मागे बसून कामाला यायचा.

कारखाना तलासरीच्या पुढे, हायवेपासून थोडा आत. कापडावर छापायच्या रंगात मिसळतात तो गोंद आम्ही बनवतो. पाच मोठ्या टाक्या आहेत आणि प्रत्येकीच्या पोटात माणसाएवढी लोखंडी पाती फिरतात. गोंद भिंतींना आणि पात्यांना चिकटून दगडासारखा होतो, म्हणून अधूनमधून टाकी रिकामी करायची, झाकण उघडायचं आणि माणसाने आत उतरून छिन्नीने तो खरवडायचा. माणूस आत असताना पाती फिरली तर काय होईल, हे मी लिहीत नाही. लिहायलाही हात धजत नाही.

खरवडायचं काम काकांचं. काका कैनाडचे. घरी भात आणि नाचणीची शेती, उरलेला वेळ कारखाना. मी डहाणूचा. सकाळी आशागडच्या नाक्यावर ते उभे असायचे आणि मी थांबलो की काही न बोलता मागे बसायचे. आमच्या पूर्वेकडच्या गावांत अहो-जाहो करायची पद्धत नाही. काका शेठलाही अरे-तुरे करायचे. मला मात्र ‘सायब’ म्हणायचे, आणि म्हणताना दरवेळी थोडं हसायचे. मी साहेब नव्हतो. स्टोअरकीपर होतो.

स्टोअरकीपरच्या हाती सिस्टीम कशी आली? तर एकदा शेठच्या केबिनमधला प्रिंटर बंद पडला होता. मी गेलो, वाकून बघितलं, केबल निघालेली होती, ती खोचली. प्रिंटर चालू झाला. शेठ वापीकडचे, मुंबईत राहणारे, महिन्यातून दोनदा येणारे. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "आ माणसाला कॉम्प्युटरचं डोकं छे." सिस्टीम बसवायची ठरली तेव्हा प्रमुख म्हणून मलाच नेमलं. ‘शेठ, ती फक्त केबल होती’ असं मी सांगायला हवं होतं. सांगायची भीती वाटली.

पुण्याहून दोन इंजिनियर आले. तीन दिवस आम्ही एसी केबिनमध्ये बसलो. ते विचारायचे की हे काम कसं होतं, ते काम कसं होतं, आणि मी सांगायचो. टाक्यांच्या शेडमध्ये मी आयुष्यात मोजून पाच-सहा वेळा गेलो असेन, पण सांगताना असा रंगात आलो होतो की जणू माझा जन्मच टाकीत झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "टाकीच्या आत माणूस आहे, हे बाहेरच्यांना सध्या कसं कळतं?"

आता खरं उत्तर असं होतं. उतरण्याआधी माणूस गमबूट चढवतो आणि स्वतःच्या चपला काढतो. एक चप्पल टाकीच्या तोंडाशी ठेवतो. खाली भिंतीवर त्या टाकीच्या मिक्सरची, म्हणजे पात्यांची, वीज तोडायचं हँडल आहे, ते खाली ओढतो आणि दुसरी चप्पल त्यावर अडकवतो. ज्याची चप्पल त्यानेच बाहेर येऊन काढायची. दुसऱ्याच्या चपलेला कुणी हात लावत नाही, सुपरवायझरसुद्धा नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. काकांना एकदा विचारलं तर म्हणाले, "ताडाखाली चप्पल दिसली की माणूस वर बघतो ना? तसंच हाय." ताडी काढायला चढणारा अनवाणी चढतो, चपला बुंध्याशी राहतात, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

पण पुण्याच्या दोन इस्त्रीच्या शर्टांसमोर, विजेच्या हँडलला लोंबणारी झिजकी चप्पल माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मॅन्युअल सुपरव्हिजन."

त्यांनी ते लिहून घेतलं.

मग सिस्टीम आली. माणूस टाकीत उतरण्याआधी सुपरवायझरने टॅबवर परवाना उघडायचा. स्क्रीनवर ती टाकी लाल. माणूस बाहेर आला की परवाना बंद करायचा, टाकी हिरवी. लाल असेपर्यंत कंट्रोल रूममधून मिक्सर सुरूच होणार नाही. भिंतीवरचं हँडल कायम वर राहील, त्याला कुणी शिवायचं नाही. तसा स्टिकर मी छापून लावला, त्याच प्रिंटरवर. आणि चपलांसाठी गेटपाशी नंबर टाकलेला रॅक केला. माझा रॅक! रोज संध्याकाळी जाऊन बघायचो. प्रत्येक खणात जोडी दिसली की ऊर भरून यायचा.

"काका, उद्यापासून चपला रॅकमध्ये."

"आन टाकीवर काय ठेवू?"

"काही नाही. तुम्ही आत आहात हे आता सिस्टीमला कळतं."

"ती कुठं बसते?"

"सर्व्हरमध्ये. म्हणजे मुंबईत असेल."

काका विचारात पडले. "मुंबईहून दिसतो मी?"

"दिसता."

"भारी हाय. माझ्या बायकोला अंगणातून दिसत नाय."

सगळे हसले. मीही हसलो.

हीच स्क्रीन शेठच्या मोबाइलवरही दिसायची, आणि तिथून माझ्या दुःखाला सुरुवात झाली. टाकी लाल दिसली की दहा मिनिटांत फोन. "अरे भाई, आ लाल केम छे?" सफाई चालू आहे, शेठ. "एटली वार? इतका वेळ? माझ्या साडूच्या फॅक्टरीत तर सगळं लीलं दिसतं." लीलं म्हणजे हिरवं. माझी अशी अवस्था झाली की रस्त्यावरचा लाल दिवा बघूनही खिशातला फोन चाचपायचो. जेवताना फोन वाजला की घास तोंडातच राहायचा.

त्या भीतीपायी मी पुण्याला फोन करून एक नियम घालायला लावला. सगळे परवाने बंद झाल्याशिवाय पाळी बदलायची नाही, आणि सुपरवायझरची घरी जायची नोंदही होणार नाही. म्हणजे दुपारी तीनला तरी स्क्रीन स्वच्छ हिरवी. इंजिनियरने विचारलं, "सर, काम अर्धवट असलं आणि माणूस आतच असला तर?" मी म्हणालो, "तर नवी पाळी नवा परवाना काढेल." बोलायला काय जातं.

आमचा पहिल्या पाळीचा सुपरवायझर वरोरचा. तीन वाजता कंपनीचा टेंपो सुटतो, आणि तो कुणासाठी थांबत नाही. चुकला तर वरोरला पोचायला संध्याकाळ. आठ दिवसांत तो माझ्याकडे आला.

"सर, माणूस आत असतानाच परवाना बंद करावा लागतो हो. नाहीतर माझी गाडी जाते."

"दुसरी पाळी लगेच उघडते ना?"

"उघडते, पण त्यांचं लॉगिन होईपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात."

"पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. ॲडजस्ट करा ना."

त्याने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि गेला. शेठचा फोन येणं थांबलं. मला भूक लागायला लागली.

एक दिवस शेठचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मुंबईच्या ऑफिसात कुणी मोठे पाहुणे बसले होते आणि त्यांना सिस्टीम दाखवायची होती. "पाच मिनिटांचं काम. बटण दाबून एक मिक्सर चालू करून दाखव." घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती. मी कंट्रोल रूमकडे धावलो.

दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटर मॅडम नुकत्याच येऊन लॉगिन करत होत्या. नव्या होत्या, चपलांचा काळ त्यांनी बघितलाच नव्हता. मी त्यांची खुर्ची घेतली, फोन स्क्रीनकडे धरला. पाचही टाक्या हिरव्या. आता कुठला मिक्सर चालू करायचा? माल भरलेल्या टाकीला हात लावायची माझी हिंमत नव्हती. माल बिघडला तर शेठ मला गोंदात बुडवतील. चार नंबर रिकामी होती. रिकाम्या टाकीत पाती दोन मिनिटं फिरली तर कुणाचं काय बिघडणार आहे?

असा विचार मी केला. अक्षरशः असाच. आणि त्याच सकाळी चारोटीच्या पुलावर काका माझ्या कानाशी ओरडले होते, "आज चार नंबर हाय माझा, उशीर होईल." मी ऐकलं होतं. ‘बरं’ म्हणालो होतो. हिरवा रंग बघितला आणि ते डोक्यातून पुसलं गेलं.

"सर," मॅडम म्हणाल्या, "खाली एकदा फोन करून विचारू का?"

"हिरवं दिसतंय ना? मग सिस्टीम कशाला आणली आपण?"

मी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. फोनमधून शेठ म्हणाले, "शुं थयुं?" मी म्हणालो, "नेट जरा स्लो आहे, शेठ," आणि तिसऱ्यांदा दाबलं, चांगलं जोरात, जणू जोर लावल्याने वीज लवकर पोचते. मग फोन खिशात टाकला आणि तणतणत खाली गेलो. कुणीतरी हँडलला हात लावला असणार. माझा स्टिकर असताना!

हँडल खाली ओढलेलं होतं. स्टिकरवर एक चप्पल लोंबत होती.

मला राग आला. हेही लिहायलाच हवं. पहिल्यांदा मला राग आला. मी हात पुढे केला, चपलेच्या पट्ट्याला दोन बोटं लावली, आणि टाचेकडे लक्ष गेलं. टाच एका बाजूने वितळलेली होती. माझ्या सायलेन्सरला टेकून वितळलेली. पट्टा निळ्या वायरीने बांधलेला. ही चप्पल रोज तासभर माझ्या पायामागे असायची.

तेव्हा मला आवाज ऐकू आला. टक्, टक्, टक्. टाकीच्या आतून. तो आधीपासूनच येत असणार.

टाकीच्या तोंडाशी एक माणूस उभा असायला हवा, त्याची पाळी संपून तो टेंपोकडे गेला होता. त्याच्या जागी येणारा अजून कपडे बदलत होता. मी शिडी चढलो. एक पायरी दोनदा चढलो एवढं आठवतं. वर दुसरी चप्पल. आत वाकून बघितलं. खाली टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात काका पात्याला पाठ टेकून बसले होते, निवांत, आणि खरवडत होते.

"काका!"

त्यांनी वर बघितलं. "काय रं? आग लागली काय?"

"नाही. काही नाही. बघायला आलो."

"बघितलंस? मग सरक, उजेड येऊ दे."

खिशातून शेठचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो. मी फोन कानाला लावला आणि म्हणालो, "फेज गेला होता, शेठ." इतकी साफ थाप मी आयुष्यात मारली नव्हती. शिडी उतरलो आणि गेटपाशी जाऊन रॅक बघितला. काकांच्या खणात चपलांची जोडी होती. कुठल्यातरी जुनाट, उंदराने कुरतडलेल्या. माझ्यासाठी ठेवलेल्या. मी रोज त्या मोजून खूश होत होतो.

त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे मागे बसले. माझी गाडी सरळ चालेना.

"सायबा, दोघांतला पिऊन कोन हाय?"

चारोटीच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. हँडल धरून, समोरच्या ट्रकांकडे बघत सगळं सांगितलं. बटण, हिरवी स्क्रीन, रिकामी टाकी.

मागून एकच प्रश्न आला.

"किती वेळा?"

"तीन."

"एकदा दाबून भागलं नाय?"

मला हसावं की रडावं कळेना. ते गाडीवरून उतरले. "आनखी कुनाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"उद्या माझा जावई माझ्यासंगं उतरायचा हाय. तो तुझ्या रॅकनंतर लागला. त्याला चप्पल अडकवायची सवय नाय. मी पानी प्यायला वर आलो, माझी चप्पल निघाली, तर आत तो एकटा." एवढं बोलून त्यांनी मागून येणाऱ्या काळी-पिवळी जीपला हात केला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आशागडच्या नाक्यावर ते नव्हते. मी वाट बघितली. भीतीने मनात काय काय येऊन गेलं: पोलीस, युनियन, कैनाडचं सगळं गाव. कारखान्यात पोचलो तर काका चार नंबरपाशी उभे. शेजारी जावई, वरोरचा सुपरवायझर, आणि मॅडम. त्या दिवशी त्यांची पाळी सकाळची होती. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

"आज हा उतरंल," काका म्हणाले.

सुपरवायझर चाचरला. "अहो काका, साहेबांना कशाला..."

"बटन त्याचं ना? मग कुनाच्या अंगावर दाबतो ते बघू दे."

मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हणायचीही भीती वाटली. गमबूट चढवले, हँडल खाली ओढलं आणि माझा बूट त्याला अडकवायला गेलो. लेसवाला बूट, तो अडकेना, दोनदा खाली पडला. शेवटी जावयाने लेसची गाठ मारून दिली. मोबाइल मॅडमकडे दिला आणि उतरलो.

आत आंबट वास, घाम, आणि आपल्याच श्वासाचा घुमणारा आवाज. पातं माझ्या खांद्याशी. त्याची कड घासून घासून चकाकत होती. मी छिन्नी मारायला लागलो. वर कुणी चाललं की पावलं टाकीत वाजायची, आणि प्रत्येक पाऊल मला हँडलकडे निघाल्यासारखं वाटायचं. हँडलवर माझाच बूट आहे हे मला माहीत होतं. तरी दर पावलाला मी वर बघायचो. काका यात वर्षानुवर्षं उतरत होते, आणि माझ्या सिस्टीममध्ये ते एक रंग होते.

इतक्यात वर माझा फोन वाजला.

"सर, शेठ आहेत," मॅडम वाकून म्हणाल्या. "टाकी लाल का आहे, विचारतायत."

"सांगा, नंतर करतो."

"नंतर कशाला?" काकांचा आवाज. "आतूनच बोल. तिथं खोटं सुचत नाय."

मॅडमनी फोन स्पीकरवर टाकून टाकीच्या तोंडाशी धरला. शेठचा आवाज टाकीत घुमला. "अरे, तू टाकीमां शुं करे छे?"

"शेठ," मी ओरडलो, "काल फेज गेला नव्हता. मी मिक्सरचं बटण दाबलं तेव्हा काका आत होते. त्यांनी नियम मोडून वीज तोडली होती म्हणून वाचले. स्क्रीन हिरवी होती, कारण माणूस आत असला तरी तीन वाजता आम्ही सगळं हिरवं करतो. तो नियम मी घातला. तुम्ही फोन करता म्हणून घातला."

शेवटचं वाक्य निसटलं. घुमत राहिलं.

"परवाना बंद मी करतो, शेठ," वरून सुपरवायझरचा आवाज आला. "रोज. गाडी चुकते म्हणून."

"मी काल विचारलं होतं," मॅडम हळू म्हणाल्या. "पण मग गप्प बसले."

मग शेठनी विचारलं, आणि असला प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता, "आत्ता कंट्रोल रूमच्या पॅनेलवर कोण छे?"

मी वर बघितलं. गोल उजेडात डोकी दिसत होती, त्यात मॅडमचंही होतं. पॅनेलवर कोण, हे मला ठाऊक नव्हतं.

"कुणी नाही, शेठ," मॅडम म्हणाल्या. "कंट्रोल रूमला कुलूप लावून आलेय. चावी माझ्या हातात आहे."

"तो नियम आजच्या आज काढून टाक," शेठ म्हणाले. "अने लाल दिसलं तर मी फोन करीश. माझी आदत छे. तू गभराऊ नको."

"घाबरणार, शेठ," मी म्हणालो. "पण लालच सांगेन."

फोन बंद झाला. "पुण्याला फोन करतो लगेच," असं म्हणत मी शिडीवर पाय ठेवला. वरून काकांनी आत डोकं घातलं आणि टोपीवरचा दिवा माझ्या मागे फिरवला.

"कुठं निघालास? पात्याच्या मागं सगळा गोंद तसाच हाय. तो काढ, मग कर फोन."